गावच्या घराला लोखंडी फाटक करायचंय, नक्षी सुचवा

आगरातला | ४ फेब्रुवारी, रात्री ९:५०

मंडळी, गुहागरला आमचं जुनं घर आहे, समुद्र चालत दहा मिनिटांवर. आईबाबा आता कायमचे तिथे राहायला गेलेत, म्हणून पावसाळा सरल्यावर गडगा नव्याने चिऱ्यात बांधून घेतला. आता राहिलंय फाटक. (आजी शेवटपर्यंत त्याला 'बेडं'च म्हणायची, कारण पूर्वी तिथे आडव्या वाशांचं खरंखुरं बेडं होतं.) जागा १० फूट रुंद आहे, उंची ५ फूट धरलीय.

पंधरा दिवस रोज रात्री फोनवर डिझाइनं बघतोय आणि डोकं आणखी बधिर होतंय. मोर, वेली, पिळाच्या सळया, वर सोनेरी भाले. बायको म्हणते, मंगल कार्यालयाचं गेट वाटतंय. मला स्वतःला लेझरने कापलेला पत्रा आवडलाय, वारली तारपा नाच असलेला. बाबांना 'मजबूत' पाहिजे. आईला ओटीवर बसून रस्ता दिसला पाहिजे, आणि कुत्री आत येता कामा नयेत.

जुनं फाटक अजून आहे. आजोबांनी साठच्या दशकात करून घेतलेलं, एकाच झडपेचं, साडेतीन फूट रुंद आणि ४ फूट उंच. खालच्या बाजूला अर्धा सूर्य आणि त्यातून वर गेलेली किरणं. तळाची पट्टी गंजून गेलीय. भंगारवाला किलोवर मागतोय.

काय करावं? फोटो असतील तर टाका.

पापडखार | ४ फेब्रुवारी, रात्री १०:१२

मोर सोडून काहीही करा. आमच्या शेजाऱ्यांनी केला होता. पिसाऱ्यातले पाच डोळे गळून पडले, आता त्याला गल्लीत सगळे कोंबडा म्हणतात.

चिमणराव_नव्हे | ४ फेब्रुवारी, रात्री १०:४०

फाटकाचं तोंड कुठल्या दिशेला आहे? दक्षिणेला असेल तर आधी विचारून घ्या कुणाला तरी.

आगरातला | ४ फेब्रुवारी, रात्री १०:४४

रस्ता ज्या दिशेला आहे त्या दिशेला आहे :)

वळचण | ५ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

अर्ध्या सूर्याचं फाटक भंगारात देऊ नका हो! मी दादरची. आमच्या हिंदू कॉलनीत, शिवाजी पार्कात, माटुंग्याला पाच उद्यानांच्या आसपास १९३०-४० च्या इमारतींना असे सूर्य आजही दिसतात. कुठे खिडकीच्या जाळीत, कुठे जिन्याच्या कठड्यात, कुठे फाटकात. तीच आर्ट डेको शैली. मरीन ड्राइव्हच्या इमारती याच घराण्यातल्या; २०१८ मध्ये ओव्हल मैदानालगतच्या गॉथिक इमारतींसोबत त्या युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या.

त्या फाटकांपुढे उभं राहून बघितलंत तर एक गोष्ट लक्षात येईल. त्यात सामान फारच थोडं आहे. सपाट पट्टी, सरळ सळई, एखादं अर्धवर्तुळ, दोनतीन लाटा. नाग नाही, मोर नाही. पट्ट्यांमधलं अंतर कुठे दाट नि कुठे विरळ ठेवलंय, त्यातच सगळी नक्षी. कित्येक ठिकाणी इमारतीचं नावही पट्टी वाकवूनच लिहिलंय. मुंबईत जडजवाहीर घातल्यासारखं लोखंडकामही आहे, नाही असं नाही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे आतले कठडे आणि तिकीट खिडक्यांच्या जाळ्या बघा, जे. जे. कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या हातच्या आहेत त्या. पण ते स्टेशन आहे. तुमचं घर आहे, आणि घराचं फाटक रोज दहादा हाताशी येतं.

माझं मत: जुनी झडप दुरुस्त करा आणि तीच रोजची वापरायची ठेवा. उरलेल्या साडेसहा फुटांची नवी झडप तिच्या शेजारी.

ठिणगी | ५ फेब्रुवारी, दुपारी १:१५

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. कोल्हापुरात आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, वडिलांपासून. नक्षी शेवटी बोलू. आधी दोन गोष्टी सांगा.

फाटकाच्या आत जमीन सपाट आहे की चढ आहे? कोकणात निम्म्या घरांना चढ असतो, आणि फाटक बसवल्यावर पहिल्याच दिवशी ते जमिनीला घासतं. मग खालून चार इंच कापायचं, की कुत्र्यांना राजमार्ग.

दुसरं, जुन्या फाटकाच्या सळया आडव्या पट्टीला कशा जोडल्यात? सळई पट्टीच्या भोकातून आरपार गेलीय का? भोकाच्या दोन्ही अंगांना पट्टी फुगलीय का? जोडाच्या जागी बारीक कडं आवळलंय का? जवळून फोटो टाका.

आगरातला | ५ फेब्रुवारी, रात्री ८:०५

फोटो चढत नाहीये, सांगतो. बाबांना फोन करून बघायला लावलं. सळया आरपार गेल्यात. भोकाशी पट्टी फुगीर आहे, 'अजगराने उंदीर गिळावा तशी' (बाबांचे शब्द). किरणं जिथे सूर्याच्या कमानीला टेकतात तिथे प्रत्येकाला कडं आहे. वेल्डिंगचा डाग कुठेच नाही.

चढ आहे. बाबांनी पाण्याची नळी लावून मोजला, पाच फुटांत सात इंच. आता कळलं, जुनं फाटक बाहेरच्या अंगाला का उघडायचं ते.

ठिणगी | ५ फेब्रुवारी, रात्री ११:२०

मला वाटलंच होतं. ते फाटक वेल्डिंगचं नाही, भात्यावरचं आहे. पट्टी लालभडक तापवायची, सुंभ्याने, म्हणजे टोकदार ठोकणीने, भोक पाडायचं. त्यात लोखंड कापून काढलं जात नाही, बाजूला सरकतं, म्हणून तिथे पट्टी फुगते आणि भोक असूनही तिची ताकद जात नाही. आजच्या ड्रिलने तेवढं लोखंड भुगा होऊन खाली पडतं. आणि ते कडं गरम असताना आवळलेलं असतं, थंड झालं की आक्रसून पकड घेतं. आमच्या आजोबांच्या ऐरणीवर मी लहानपणी हे बघितलंय. आज एवढी मजुरी कुणी देणार नाही आणि कुणी करणारही नाही. भंगारवाल्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

एक गंमत करून बघा. तळाच्या गंजक्या पट्टीचा तुकडा तसाही काढावाच लागणार आहे. त्याला हॅक्सॉने निम्म्यापर्यंत चीर द्या, पक्कडीत धरून वाकवत तोडा. आत उसाच्या चोयट्यासारख्या लांब रेषा दिसल्या तर ते जुन्या पद्धतीचं घडीव लोखंड. सरळ तुटलं, रेषा नसल्या, तर साधं माइल्ड स्टील. हल्ली दुकानात 'रॉट आयर्न गेट' म्हणून जे विकतात ते सगळं माइल्ड स्टीलच असतं. पाटी वेगळी, म्हणून भाव वेगळा. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, पुन्हा निराळं. आमच्या शिरोलीत ओतकामाचे कारखाने रांगेने आहेत. बिडाची फुलं, भाले तयार मिळतात, दिसतात झकास. पण बीड वाकत नाही, एकदम तुटतं, आणि साध्या रॉडने त्याला वेल्डिंग नीट धरत नाही. गाडीचा एक धक्का बसला की फूल हातात.

आता समुद्राचं. दहा मिनिटांवर समुद्र म्हणजे वाऱ्यात मीठ आहे. जिथे ब्रश पोचत नाही तिथे नक्षी करू नका. मी गिऱ्हाइकाला एवढंच सांगतो, आणि निम्मे ऐकत नाहीत. गोल वेलीच्या पोटात, दोन पट्ट्या एकावर एक चिकटवल्या त्यांच्या फटीत, पत्र्याच्या पाकळीमागे पाणी नि मीठ साचतं आणि तिथूनच गंज सुरू होतो. वरून रंग चकचकीत असतो, आतून पापुद्रे सुटत असतात. पापडखार यांच्या मोराचे डोळे असेच गेले असणार. चौकोनी पाइपचं तेच. बाहेरून रंगवाल, आतून कोण रंगवणार? भोक राहिलं, पाणी शिरलं, की खालच्या कोपऱ्यातून फुटतो. तुमच्याकडे भरीव पट्टी नि भरीव बार वापरा.

पापडखार | ५ फेब्रुवारी, रात्री ११:३१

शेजाऱ्यांना वाचून दाखवतो. नको, दाखवत नाही.

आगरातला | ६ फेब्रुवारी, सकाळी ९:१०

ठिणगी, दंडवत घ्या. पण मग लेझरचा पत्रा? वारलीवर माझा जीव जडलाय.

निवांत | ६ फेब्रुवारी, सकाळी ११:००

पत्र्यावरून सांगतो. आम्ही श्रीवर्धनचे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या फाटकाला पूर्ण पत्रा होता, आडोसा हवा म्हणून हौसेने मारून घेतलेला. वाऱ्याने झडप उचलली नाही, ढकलली. बिजागऱ्या शाबूत राहिल्या, पण ज्या खांबात त्या होत्या तो चिऱ्याचा खांबच मधून मोडला आणि सगळं मिळून अंगणात आडवं झालं. समोरच्यांचं सळयांचं फाटक तसंच उभं, त्यात फक्त माडाची झावळी अडकलेली.

सरळसोट | ६ फेब्रुवारी, दुपारी ३:४५

स्थापत्यवाला आहे, म्हणून खांबाबद्दल. पत्रा म्हणजे शीड. त्यातून वजन. ३ मिमी जाड पत्रा चौरस मीटरला साडेतेवीस किलो भरतो. पाच बाय पाच फुटांच्या झडपेला कापण्याआधी जवळपास ५५ किलो, चौकट वेगळी.

वजनापेक्षा रुंदी जास्त छळते. समजा पाच फुटी झडप ४५ किलोची आहे आणि दोन बिजागऱ्यांत चार फूट अंतर आहे. वरची बिजागरी खांबाला साधारण २८ किलोच्या जोराने आडवी ओढते. तीच झडप दहा फुटी केली तर वजन दुप्पट, तरफही दुप्पट, म्हणजे ओढ चौपट, ११२ किलो. चोवीस तास, वर्षानुवर्षं. चिरा एवढं सहन करणारा दगड नाही. खांबाच्या पोटात सळया घालून काँक्रीट ओता, बाहेरून चिरे लावा, आणि बिजागरीचे होल्डफास्ट (खांबात रुतवायच्या पट्ट्या) त्या काँक्रीटमध्ये जाऊ द्या. झडप लोंबायला लागली की लोक बिजागरीला शिव्या घालतात. बहुतेक वेळा खांब कललेला असतो.

आणि हो, फाटक रस्त्यावर उघडणारं करू नका. आजोबांच्या काळात चाललं. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे ते पूर्ण आतच उघडायला हवं.

आगरातला | ६ फेब्रुवारी, दुपारी ४:०२

आत चढ, बाहेर नियम. सरकतं करू का?

ठिणगी | ६ फेब्रुवारी, रात्री १०:५०

सरकत्याला बाजूला तेवढाच मोकळा गडगा लागतो, शिवाय रूळ. तुमच्याकडे पावसाळ्यात रुळात लाल चिखल आणि पानं भरणार, आईबाबांनी ते रोज झाडूने काढायचं. त्या वयात नको. आणि सरकतं कधीही केलंत तर रुळाच्या दोन्ही टोकांना पक्के स्टॉपर आणि वर गाइड रोलर हवेतच. स्टॉपर नसलेलं फाटक रूळ सोडून माणसाच्या अंगावर पडलेलं मी बघितलंय. त्या दिवसापासून आमच्याकडून स्टॉपरशिवाय एकही फाटक बाहेर पडत नाही.

तुम्हाला सोपा उपाय: फाटकाच्या आत पहिले सात फूट खोदून सपाट करून घ्या, चढ त्याच्या पुढे सुरू होऊ दे. एका गवंड्याचं काम आहे.

माहेरवाशीण | ७ फेब्रुवारी, सकाळी ६:५५

कुत्र्यांसाठी. माझ्या सासरी मोठ्या सळयांमध्ये चार इंच अंतर आहे. मोठं कुत्रं येत नाही, पिल्लू बिनधास्त येतं, आणि त्याच्या मागे त्याची आई फाटक खरवडत बसते. मग आम्ही खालच्या दीड फुटात प्रत्येक फटीत एकेक आखूड सळई बसवून घेतली. वर मोकळं, खाली दाट. काम कुत्र्यांसाठी केलं, पण त्या आखूड सळयांची टोकं एका ओळीत आल्यामुळे फाटकाला आपोआप काठ आल्यासारखा झालाय, साडीला असतो तसा. येणारे विचारतात, डिझाइन कुठून आणलं.

भाले लावायचेच असतील तर टोकं बोथट घ्या. चेंडू आणायला मुलं फाटकावरूनच चढतात, त्यांना कितीही सांगा.

बाल्कांव | ७ फेब्रुवारी, दुपारी १२:२०

माहेरवाशीण यांना १०० गुण. आमच्या गोव्यात जुन्या घरांची हौस फाटकापेक्षा खांबांवर दिसते. खांबावर सिंह, शिपाई, कोंबडा, ज्याला जे परवडलं ते. मधलं फाटक बिचारं कमरेएवढं आणि साधं. बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओसरीत, बसलेल्याला रस्त्यावरच्याशी बोलता आलं पाहिजे, हा खरा हिशेब. आगरातला, तुमच्या आईचंही म्हणणं तेच दिसतंय.

वळचण | ७ फेब्रुवारी, रात्री ९:३०

तर मग चित्र जमत आलंय. जुनी झडप ४ फूट उंच, नवी ५ फूट. दोघींची उंची एक करायच्या नादी लागू नका. नव्या झडपेची वरची पट्टी खांबापाशी ५ फुटांवर ठेवा आणि हळूहळू उतरवत जुनीशी भेटते तिथे ४ फुटांवर आणा. एकच सैल वळण. आत उभ्या सळया, खाली माहेरवाशीण यांचा काठ. बास.

नव्या झडपेत दुसरा सूर्य काढू नका. एका घराला एक पुरतो.

वारली आतल्या भिंतीवर काढा, गेरू नि तांदळाच्या पिठाने. ती मुळात भिंतीवरचीच आहे.

आगरातला | ७ फेब्रुवारी, रात्री ९:५८

बायकोने तुमचा प्रतिसाद वाचून 'ह्या बाईंना जेवायला बोलाव' असं सांगितलंय. वारलीचा हट्ट सोडला.

आता भाव. इथला एक जण चौरस फुटावर सांगतोय, दुसरा किलोवर. कुठला बरा?

ठिणगी | ८ फेब्रुवारी, दुपारी १:३०

आमचीच गुपितं फोडायला लावताय. चौरस फुटावर ठरलं की करणाऱ्याला माल पातळ वापरावासा वाटतो. किलोवर ठरलं की जाड वापरावासा वाटतो. दोन्हीकडे माणूस चांगला असू शकतो, पण मोह असतोच. म्हणून कागदावर मापं लिहून घ्या: चौकट ४० बाय १२ मिमीची पट्टी, उभे बार १२ मिमी चौरस, आखूड बार १० मिमी. मग किलोवर ठरवा, आणि वजन अंदाजे किती भरेल ते स्वतः काढा. चौरस बारचं सोपं आहे: मिलिमीटरमधली बाजू तिनेच गुणायची, मग ०.००७८५ ने गुणायचं, एका मीटरचे किलो येतात. १२ मिमीला १.१३, १० मिमीला ०.७८५. तुमची नवी झडप माझ्या हिशेबाने सत्तरच्या आसपास जाईल. रंगाआधी काट्यावर घाला, पावती घ्या.

रंग: नव्या लोखंडावर निळसर काळी पापडी असते. ती न काढता रंग दिला तर पुढे पापडीसकट रंग सुटतो. ग्राइंडरवर वायर ब्रश लावून ती घालवा, तेलकटपणा थिनरने पुसा. वेल्डिंगचा मळ ठोकून काढा, कारण रंगाचा पहिला फोड तिथेच येतो. तुमच्या हवेला नुसतं रेड ऑक्साइड पुरणार नाही. झिंकवाला इपॉक्सी प्रायमर दोन हात, वर रंग दोन हात. जमत असेल तर नवी झडप रंगाआधी हॉट डिप गॅल्व्हनाइज करून आणा, म्हणजे सुमारे ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवून. चौकट भरीव आहे म्हणून चालेल. बंद पाइप असता तर हवेला भोकं ठेवावी लागली असती, नाहीतर टाकीत फुटतो. मात्र जस्तावर साधा रंग धरत नाही, त्याचा प्रायमर वेगळा. पावडर कोटिंग तुमच्याकडे नको. ओरखडा पडला की गंज आतल्या आत पसरतो, आणि जागेवर बिजागरी वेल्ड करताना तो थर जळतो.

जुन्या झडपेला वेल्डिंग कमीत कमी. तळाची पट्टी नवी घाला, पण जोड रिव्हेटने करायला सांगा. ऐकतील असं नाही.

चिमणराव_नव्हे | ८ फेब्रुवारी, दुपारी २:०५

वाचनखूण साठवली. दिशेचं मागे घेतो.

आगरातला | १९ मे, रात्री १०:१५

धागा वर काढतोय, क्षमस्व. फाटक बसलं, पावसाच्या तीन आठवडे आधी.

गवंड्याने सात फूट सपाट केले. खोदताना जुन्या बेड्याच्या वाशांसाठी भोकं पाडलेला दगड सापडला, तो ओटीच्या पायरीशी ठेवलाय. खांब काँक्रीट भरून घेतले. नवी झडप काट्यावर ७३ किलो भरली. ठिणगींचं 'सत्तरच्या आसपास' वाचून दाखवल्यावर फॅब्रिकेटरने माझ्याकडे जरा वेगळ्याच आदराने बघितलं.

गॅल्व्हनायझिंग जमलं नाही, एका झडपेसाठी गाडी करून न्यायचा खर्च डोईजड होता. इपॉक्सीवर भागवलं. सूर्यावर पिवळा रंग मारावा असा बाबांचा आग्रह होता. मतदान झालं, तीन विरुद्ध एक, सगळंच काळपट राखाडी.

तळाच्या पट्टीचा तुकडा तोडून बघितला. उसाच्या रेषा नाहीत. साधं माइल्ड स्टील. मी जरा हिरमुसलो. बाबा म्हणाले, अरे लोखंड साधं होतं म्हणूनच आजोबांना परवडलं.

रिव्हेट करायला कुणी तयार नव्हतं. शेवटी फॅब्रिकेटरचे वडील, वय पंचाहत्तरीच्या पुढे, स्वतः आले. शेगडी पेटवून त्यांनी सहा रिव्हेट ठोकले. एक जरासा तिरका गेला. तो त्यांनी दोनदा अंगठ्याने चाचपला, आणि मुलाला सांगितलं, 'हा राहू दे.'

वळचण | १९ मे, रात्री १०:३०

फोटो!!

आगरातला | १९ मे, रात्री १०:४१

चढत नाहीये अजूनही. संकेतस्थळाचं काय करावं.

आईची मात्र एक तक्रार आहे. जुनं फाटक करकरायचं, कोण आलं ते स्वयंपाकघरात कळायचं. बाबांचं करकरणं वेगळं, दूधवाल्याचं वेगळं. आता बेअरिंगच्या बिजागऱ्यांमुळे आवाजच येत नाही. परवा कुरियरवाला थेट पडवीत येऊन उभा राहिला.

ठिणगी | १९ मे, रात्री ११:०६

रोजची झडप सूर्याचीच ना? तिची बेअरिंगची बिजागरी काढा, जुनी साधी बसवा. आणि ग्रीस लावू नका.